दुबळ्या आवाजाचा वाली : ली डी फॉरेस्ट

माझ्यापाशी नानांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण एकच आहे, आणि तेही बारा मिनिटांचे. नाना म्हणजे माझे वडील. बडोदे संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, ऐन विशीत, ते दरबारी गवई म्हणून चाकरीला लागले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, चाकरी गेली, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्यांवर काढले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे त्यांचे भरात असलेले गाणे मला मिळाले ते आठवणी सांगणाऱ्यांच्या तोंडून. माझ्या कानांनी ऐकले ते पिकलेले, हलके झालेले, तरी सुराला घट्ट धरून असलेले गाणे.

शेवटच्या वर्षी एका तिन्हीसांजेला ते आपणहून तानपुरा मागून घेऊन पूरिया गाऊ लागले. माझ्याकडे एका स्नेह्याचा उत्तम मायक्रोफोन आलेला होता. मी घाईघाईने तो घरच्या संगणकाला जोडला, नानांपासून हातभर अंतरावर ठेवला, आवाज फार बारीक येतो असे दिसले म्हणून संगणकातली पातळी शेवटापर्यंत चढवली, आणि स्वस्थ ऐकत बसलो. रात्री मुद्रण लावून पाहिले. नाना होते, पण त्यांच्यावर पाऊस पडत होता. श्रावणात पत्र्यावर रिपरिप लागावी तशी अखंड खरखर, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी मंद्रातला निषाद. चार दिवसांनी पुन्हा गाऊन घेऊ, म्हणून ठेवले. ते चार दिवस लांबत गेले, आणि त्या हिवाळ्यात नाना गेले.

पुढे नभोवाणीत ध्वनियंत्रे सांभाळून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी ते मुद्रण ऐकवले. माझा संशय मायक्रोफोनवर होता; त्यांनी तो निर्दोष ठरवला. दोष पहिल्या पायरीवर आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या जातीच्या मायक्रोफोनमधून गाण्याची जी वीज निघते ती एक-दोन मिलिव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याइतकी. मुद्रणयंत्राला लागते ती साधारण व्होल्टभराची. मधली ही हजारपट वाढ जो करतो तो प्रीॲम्प्लिफायर, ज्याला आता सगळे प्रीॲम्प म्हणतात. माझ्या संगणकात त्या कामासाठी जे होते ते नावापुरते होते. पोथीची पहिली नक्कल करणाऱ्याने अक्षर चुकीचे लावले की पुढच्या शंभर नकला सुंदर हस्ताक्षरात तीच चूक वागवतात. तसेच येथे होते. पहिल्या वाढीत जी खरखर आवाजात मिसळली ती पुढच्या प्रत्येक वाढीत आवाजाबरोबरच वाढते, आणि नंतर दोघांना वेगळे करणारी चाळणी नाही. हल्ली खरखर पुसून देणाऱ्या युक्त्या निघाल्या आहेत. त्या मी करून पाहिल्या. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारी आणि नानांचा श्वासही गेला. मी ते पुसलेले मुद्रण टाकून दिले.

ही पहिली पायरी मुळात बांधली कोणी, असे मी त्या गृहस्थांना विचारले, आणि त्यांनी ज्या अमेरिकन माणसाचे नाव सांगितले त्याचे चरित्र मी त्यानंतर मिळेल तेथून वाचत गेलो. ली डी फॉरेस्ट हे ते नाव. रेडिओचा जनक म्हणवून घेण्याची त्याला फार हौस होती. ती पदवी त्याला द्यावी की नाही यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात पडण्याचा मला अधिकार नाही. माझ्या लेखी त्याचे मोठेपण वेगळ्याच ठिकाणी आहे.

त्याचा जन्म २६ ऑगस्ट १८७३ चा, आयोवा राज्यातल्या कौन्सिल ब्लफ्स या गावचा. वडील धर्मोपदेशक. ली सहा वर्षांचा असताना ते अलाबामात टालाडेगा कॉलेजचे प्रमुख झाले. हे कॉलेज गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या निग्रो समाजासाठी चालवलेले. गावातल्या गोऱ्यांनी ह्या कुटुंबाशी संबंध तोडल्यासारखेच केले, आणि मुलाचे लहानपण एकाकी गेले. त्या एकांतात तो यंत्रांची चित्रे काढी, लाकडाची इंजिने बनवी. मुलाने आपल्यासारखे धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा. पोराने शोधक व्हायचे ठरवून टाकले. बापाचा व्यवसाय पुढे चालवणे आणि न चालवणे, दोन्हींत काय वेदना असते ते आमच्यासारख्या घराण्यांतल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

येल विद्यापीठात त्याला शिकता आले ते डी फॉरेस्ट आडनावाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या एका देणगीमुळे. तेथे गरिबीने गांजलेला, कपडे जुने, मित्र थोडे, आणि आत्मविश्वास मात्र अफाट असा हा मुलगा हर्ट्झच्या विद्युत्‌लहरींच्या नादी लागला, आणि १८९९ मध्ये त्याच विषयावर त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याला दुसरे वेड होते ऑपेराचे. हे वेड सांगण्याचे कारण असे की त्याच्या पुढच्या कामाची निम्मी किल्ली त्यात आहे. बिनतारी यंत्रामागे त्या काळी जे लागले होते त्यांतल्या बहुतेकांना हवे होते ते संदेश, जहाजांचे, बाजारभावांचे, लष्कराचे. ह्याला हवे होते गाणे.

त्याच्या मुख्य शोधाची सुरुवात एका गैरसमजातून झाली. १९०० मध्ये शिकागोत असताना त्याच्या खोलीत गॅसचा दिवा जळत असे. जवळच ठिणगी पाडणारे यंत्र सुरू केले की दिव्याची ज्योत बदले. विद्युत्‌लहरींचा तप्त वायूवर परिणाम होतो, असा निष्कर्ष त्याने काढला. थोड्याच दिवसांत उघड झाले की तो परिणाम ठिणगीच्या आवाजाचा होता, लहरींशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. डी फॉरेस्टने चुकलेला प्रयोग सोडला आणि त्यातून निघालेली कल्पना पदराला बांधून ठेवली.

मधल्या काळात त्याची गाठ अब्राहम व्हाइट नावाच्या भागविक्यात तरबेज असलेल्या गृहस्थाशी पडली. दोघांनी मिळून बिनतारी तारायंत्राची कंपनी काढली. यंत्रे विकली गेली त्यापेक्षा कंपनीचे भाग अधिक विकले गेले. दुसऱ्या एका शोधकाचे साधन उचलल्याच्या खटल्यात कंपनी हरली आणि १९०६ मध्ये डी फॉरेस्टला बाहेर पडावे लागले. जाताना ऑडिऑन नावाच्या त्याच्या नव्या प्रयोगाचे हक्क तेवढे त्याच्याकडे राहू दिले, कारण त्यांची किंमत कोणालाच वाटत नव्हती.

हा ऑडिऑन म्हणजे काय? दिव्याच्या बल्बासारखी काचेची नळी. १९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगने अशा नळीत तापलेल्या तारेसमोर धातूची एक पट्टी बसवून बिनतारी लहरी पकडल्या होत्या. डी फॉरेस्टने तारेच्या आणि पट्टीच्या मध्ये तिसरी वस्तू घातली. ही वस्तू म्हणजे नागमोडी वाकवलेली साधी तार, जाळीसारखी. न्यूयॉर्कमधला दिवे बनवणारा मॅककँडलेस नावाचा कारागीर ह्या नळ्या त्याला करून देई. जानेवारी १९०७ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, १८ फेब्रुवारी १९०८ रोजी ते मिळाले.

त्या नागमोडी तारेतच सारी करामत आहे. तापलेल्या तारेकडून पट्टीकडे विजेचा मोठा ओघ वाहत असतो. मधल्या जाळीला विजेचा अगदी किंचित स्पर्श झाला तरी तो सबंध ओघ कमीजास्त होतो. पाटाच्या पाण्याला लहानशी फळी आडवी धरावी आणि तिच्या बोटभर हालचालीने सारे पाणी नाचावे, तसे. जाळीवर दुबळा आवाज द्या, पट्टीवर तोच आवाज सबळ होऊन निघतो. पुढे जगातल्या प्रत्येक प्रीॲम्पने, मग त्यात काचेची नळी असो की १९४७ नंतरचा ट्रान्झिस्टर, केले ते हेच.

पण ही गोष्ट डी फॉरेस्टला माहीत नव्हती. त्याच्या समजुतीने ऑडिऑन म्हणजे लहरी पकडण्याचा एक अधिक तल्लख कान, एवढेच. आणि नळीत थोडा वायू राहिला पाहिजे, त्याशिवाय ती चालणार नाही, असेही तो मानी. ते तर साफ चूक होते. आपल्या हातून काय घडले आहे हे त्या माणसाला पाच-सहा वर्षे कळलेच नाही, हे वाचून मी चकित झालो; आणि मग आमच्या क्षेत्रातले कितीतरी लोक आठवले, ज्यांच्या गळ्यातून एखादी जागा अशी निघून जाते की ती ऐकणाऱ्यालाच आधी समजते.

त्या न कळलेल्या वर्षांतली एक रात्र मला ह्या सबंध चरित्रात सर्वांत जिवंत वाटते. जानेवारी १९१०. न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन ऑपेरागृह. उमेदवारीच्या दिवसांत ज्या गाण्यासाठी तो जीव टाकी, ते गाणे त्याला आता तिकीट न काढणाऱ्यांच्या कानांपर्यंत पोचवायचे होते. रंगमंचावर मायक्रोफोन ठेवले, इमारतीच्या वर तारा ताणल्या, आणि १३ तारखेला पालियाच्चीमध्ये कारुसो गायला. बंदरातल्या जहाजांवर आणि शहरात ठिकठिकाणी लोक कानाला यंत्रे लावून बसले होते. कारुसोचा आवाज म्हणजे त्या काळचा सूर्य. पण श्रोत्यांना मिळाले ते तुकडे. मधेच एखादी तान, मधेच दुसऱ्याच कोणाच्या बिनतारी संदेशाची टकटक, आणि बाकी सारी खरखर. वर्तमानपत्रांनी कौतुक केले ते जपूनच.

त्या रात्री कमी काय पडले? त्या वेळचे मायक्रोफोन कोळशाच्या कणांचे. आवाजाने कण दाबले जातात आणि बॅटरीची वीज कमीजास्त होते. अशा मायक्रोफोनला प्रवर्धक लागत नाही, पुढे दूरध्वनीत अनेक दशके तोच चालला तो त्यामुळेच. मात्र त्या कणांना स्वतःची करकर असते, आणि दुरून आलेला, मृदू, बारीक स्वर त्यांना हलवू शकत नाही. स्वर जसाच्या तसा टिपणारे मायक्रोफोन बनवता येत होते, पण त्यांची वीज इतकी क्षीण की तिचा उपयोग काय करायचा, हा प्रश्न. त्या क्षीण विजेला हात देणारी वस्तू कारुसो गात होता तेव्हा डी फॉरेस्टच्या नावावर पेटंट होऊन दोन वर्षे झाली होती. ऑपेरागृहात ती असायला हवी होती मायक्रोफोनच्या मागे. तेथे ती ठेवावी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, खुद्द तिच्या जनकाच्याही नाही.

ते कळले १९१२ मध्ये, कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे. त्याची दुसरी कंपनीही बुडाली होती आणि तो फेडरल टेलिग्राफ कंपनीत नोकरीला लागला होता. तेथे लॉगवुड आणि व्हॅन एटन या दोन सहकाऱ्यांबरोबर काम करताना एका ऑडिऑनमधून निघालेली वीज दुसऱ्याच्या जाळीला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी त्यांनी जोडून पाहिली. आवाज वाढत गेला. कागदावर चालणाऱ्या घरमाशीची पावले त्यांना ऐकू आली, असे सांगतात. वाढवलेला आवाज पुन्हा पहिल्या जाळीकडे वळवला तेव्हा नळी आपोआप शीळ घालू लागली, हेही त्याच सुमारास दिसले. सभागृहात ध्वनिक्षेपक मायक्रोफोनच्या फार जवळ आला की जी शीळ उठते आणि गवई कानांवर हात ठेवतो, तिचीच ही आत्या म्हणायची.

ह्याच वर्षी त्याला अटक झाली. जुन्या कंपनीचे भाग टपालाने खोटी आमिषे दाखवून विकल्याचा आरोप होता. १९१३ च्या अखेरीस न्यूयॉर्कला खटला चालला. सरकारी वकिलाने लोकांना फसवण्याची जी उदाहरणे दिली त्यांत ऑडिऑनही होता. दिव्यासारखी दिसणारी ही चमत्कारिक वस्तू कवडीमोलाची आहे, असा त्याचा रोख होता. १९१४ च्या पहिल्या दिवशी निकाल लागला. डी फॉरेस्ट सुटला, त्याच्या दोन सहकाऱ्यांना शिक्षा झाली. त्या वेळेपर्यंत अमेरिकेच्या मोठ्या दूरध्वनी कंपनीने त्याच कवडीमोलाच्या वस्तूचे दूरध्वनीपुरते हक्क पन्नास हजार डॉलरला घेतलेले होते. खरेदी कोणासाठी चालली आहे हे न सांगणाऱ्या वकिलामार्फत घेतले, म्हणून डी फॉरेस्टला ते कायम सलत राहिले.

त्या कंपनीत हॅरल्ड आर्नल्ड नावाचा शास्त्रज्ञ होता. ऑडिऑनवर जोर दिला की आत निळी झाक उठते आणि आवाज फाटतो, हे पाहताच त्याने ओळखले की नळीतला उरलेला वायूच शत्रू आहे. त्याने नळी पुरती निर्वात केली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सान फ्रान्सिस्को दूरध्वनी सुरू झाला तो ह्या निर्वात नळ्यांच्या बळावर. वाटेत दमलेल्या आवाजाला त्या ठिकठिकाणी उचलून पुढे देत.

येथे मला डी फॉरेस्टविषयी दोन कठोर शब्द लिहिणे भाग आहे. आपली नळी खरोखर कशी चालते हे त्याने कधी नीट समजावून दिले नाही. ते काम केले एडविन आर्मस्ट्राँग या कोलंबिया विद्यापीठातल्या तरुणाने. प्रवर्धित वीज जाळीकडे परत वळवण्याचा उपायही आर्मस्ट्राँगने शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्या शोधाच्या हक्कावरून दोघे वीस वर्षे भांडले. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो डी फॉरेस्टच्या बाजूने. अभियंत्यांच्या संस्थेने मात्र त्याच शोधासाठी पूर्वी दिलेले पदक आर्मस्ट्राँग परत करू लागला तेव्हा घेतले नाही. न्यायालयापेक्षा मला त्या संस्थेचा निर्णय अधिक पटतो. ऑडिऑनची जाळी डी फॉरेस्टची, तिची विद्या इतरांची, असे म्हटले तर कोणावर अन्याय होऊ नये. पण विद्या आली ती जाळी होती म्हणून.

गाण्याच्या दृष्टीने खरी क्रांती झाली ती पुढच्या दहा वर्षांत, आणि डी फॉरेस्टचा हात तिला दुरूनच लागला. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या वेंट नावाच्या संशोधकाने १९१७ च्या सुमारास कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. ताणलेला पातळ पडदा, त्यामागे धातूची तबकडी, मध्ये केसभर अंतर. स्वर टिपण्यात तो विलक्षण प्रामाणिक. पण त्याची वीज अशी लाजरी की चार हात तारेतून चालत गेली तरी वाटेतच विरून जाई. म्हणून प्रवर्धकाची नळी त्या मायक्रोफोनला अगदी खेटून बसवावी लागली. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक कंडेन्सर मायक्रोफोनच्या पोटात असा एक चिमुकला साहाय्यक असतोच. त्याला लागणारी वीज आज बहुधा मागच्या पेटीतून त्याच तारेने येते, ४८ व्होल्टची.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेने ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्याआधी गवयाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्याच्या श्वासाच्याच जोरावर सुईने मेणात रेघ कोरायची. दीडशे-दोनशे ते दोन हजार कंपनांच्या आसपासचा पट्टा काय तो हाती लागे. विजेच्या पद्धतीने तो सुमारे शंभर ते पाच हजारांपर्यंत रुंदावला. ह्या आकड्यांचा अर्थ ज्याला कानाने समजून घ्यायचा असेल त्याने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. खाँसाहेब तरुणपणी आमच्या बडोद्याच्याच दरबारी होते. त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिका कर्ण्यातल्या, आणि १९३० नंतरच्या मायक्रोफोनवरच्या. पहिल्यांत गायकी ओळखू येते, माणूस नाही. दुसऱ्यांत वय वाढलेले आहे, पण सुराभोवतीचे ते रेशीम आहे, मागे तानपुरा आहे, मीड जेथे विरते तेथपर्यंत आपण तिच्याबरोबर जाऊ शकतो. ह्या दोन मुद्रिकांच्या मध्ये मायक्रोफोन उभा आहे हे सगळे सांगतात. त्या मायक्रोफोनच्या पाठीशी एक प्रवर्धक उभा होता हे सहसा कोणी सांगत नाही.

डी फॉरेस्ट तोवर बोलपटाच्या मागे लागला होता. चित्रफितीच्याच कडेला प्रकाशाने आवाज उमटवायचा हा त्याचा ध्यास. १५ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याने असे लहान लहान बोलपट दाखवले. नेहमीप्रमाणे ह्यातही त्याचे सहकाऱ्याशी बिनसले, नेहमीप्रमाणे कंपनी बुडाली, आणि बोलपटाचे पीक दुसऱ्यांनी कापले. त्याने चार लग्ने केली. तिसरी पत्नी गायिका होती. दुसरी, नोरा ब्लॅच, स्वतः अभियंता. लग्नानंतरच्या प्रवासात १९०८ मध्ये दोघांनी पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून ध्वनिमुद्रिका वाजवून बिनतारी यंत्राने ऐकवल्या होत्या. तिने घरी बसावे असे त्याला वाटे, तिला ते मान्य नव्हते, आणि तो संसार लवकरच मोडला.

उतारवयात त्याने रेडिओच्या धंद्यावर फार आग पाखडली. १९४६ मध्ये रेडिओवाल्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने, आपल्या पोराला जाहिरातदारांनी चिंध्या नेसवून रस्त्यावर नाचायला लावले, अशा अर्थाची खंत व्यक्त केली. १९५० मध्ये आत्मचरित्र लिहिले, आणि त्याच्या नावातच स्वतःला रेडिओचा जनक ठरवून टाकले. १९६० मध्ये हॉलिवुडने बोलपटातल्या कामाबद्दल त्याला मानाचे ऑस्कर दिले. दीडशेहून अधिक पेटंटे नावावर असलेला हा माणूस ३० जून १९६१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी हॉलिवुडात वारला, तेव्हा त्याच्या बँकेच्या खात्यात साडेबाराशे डॉलर होते.

आता माझ्याकडे घरी एक छोटी पेटी आहे. मायक्रोफोन तिला जोडायचा आणि ती संगणकाला. तिच्यात दोन प्रीॲम्प आहेत आणि नळी एकही नाही. माझे शिष्य कधी कधी विचारतात की ह्याहून दसपट किमतीचा प्रीॲम्प घेतला तर गाणे दसपट चांगले उतरेल का. नाही उतरणार. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने १९२८ मध्ये दाखवून दिले की विजेच्या वाटेतला प्रत्येक रोध केवळ उष्णतेमुळेही थोडी खरखर करतोच. तिच्याखाली कोणतीही किंमत मोजून जाता येत नाही. आजच्या साध्या पेट्याही त्या तळाच्या बऱ्याच जवळ पोचल्या आहेत. भरदार गळ्याचा गवई जवळ बसून गात असेल तर स्वस्त आणि महाग यांतला फरक माझ्या कानाला तरी लागत नाही. छताचा पंखा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी त्याहून कितीतरी जास्त नुकसान करतात.

फरक लागतो तो जेथे आवाज मुळातच दुबळा असतो तेथे. एकटा तानपुरा, रुद्रवीणा, वृद्ध गळा, आणि त्यातून मायक्रोफोन क्षीण विजेच्या जातीचा. अशा वेळी पेटीवरचे बटण जवळजवळ टोकाला न्यावे लागते आणि प्रीॲम्पची सारी लायकी तेथे उघडी पडते. म्हणून मी आधी मायक्रोफोन पुढे सरकवतो. अंतर निम्मे केले की आवाज जवळजवळ दुप्पट मिळतो, आणि तेवढे काम प्रीॲम्पवरचे वाचते. बटण लावतो ते तार षड्जावर, मध्य षड्जावर नाही, कारण मैफल रंगली की आवाज चढतोच आणि एकदा फाटलेली तान पुन्हा शिवता येत नाही. वरची थोडी जागा मोकळी सोडतो. पातळी काटोकाठ भरण्याची आता गरज राहिलेली नाही.

नानांच्या वेळी ह्यातले काहीच मला ठाऊक नव्हते. हातभर अंतर वीतभर केले असते, आणि मध्ये ही चार बोटांची पेटी असती, तर काम झाले असते. त्या वेळी ती बाजारात मिळत होती.

जानेवारी १९१० मधल्या कारुसोच्या त्या प्रक्षेपणाचे मुद्रण कोणी केले नाही. तुकड्यातुकड्यांनी ऐकणारे लोक गेले, त्यांच्याबरोबर तेही गेले. माझी बारा मिनिटे आहेत. दर वर्षी नानांच्या तिथीला शिष्य जमतात तेव्हा मी ती लावतो, खरखरीसकट. पहिल्यांदा ऐकणारा नवा मुलगा हटकून खिडकीबाहेर पाहतो. मग तीन-चार मिनिटांनी मंद्रातला निषाद येतो, आणि तोपर्यंत पावसाची सवय झालेली असते.